बिनखिशाचे लांजेवार

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या गेटवर लांजेवारभाऊंनी पहिल्याच दिवशी माझी पर्स उघडायला लावली. मी तिथं नर्स म्हणून लागून बरीच वर्षं झालेली होती. कालपर्यंत आमचेच पेशंट असलेले ते गेटवर नवे होते, मी नाही. पांढरा शर्ट, एक पाय ओढत चालणं, आणि माझ्यासमोर पसरलेला पंजा.

"पर्स दाखवा सिस्टर."

"काहून? मी काय पेशंट आहे का?"

"दारू पेशंट नाई आनत बाई. भाईरून कोनी ना कोनी आनून देते."

तणतणत मी पर्स उघडली. आत डबा, छत्री, आणि माझ्या नवऱ्यानं त्याच्या खिशात जागा नाही म्हणून माझ्याकडे ढकललेली खर्ऱ्याची पुडी. आमच्या नागपुरात सुपारी, तंबाखू नि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा खर्रा व्यसनात धरतच नाहीत. लग्नाच्या बैठकीत तो शरबतासोबत फिरतो. लांजेवारभाऊंनी ती पुडी मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांत उचलली.

"हे कोनाचं?"

"आमच्या यांचं."

"मंग यायलेच भरती करून टाका ना."

पुढं कित्येक दिवस मी त्या माणसाशी धड बोलले नाही. आज त्यांच्याविषयी सांगायला बसले आहे, पण खरं सांगते, सहज आवडावा असा तो माणूसच नव्हता. बोलणं फटकळ, शंका सतराशे साठ, आणि दुसऱ्याच्या खिशात काय आहे याची उठाठेव अखंड. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरायचा आणि थेट बोटांचा वास घ्यायचा, ही त्यांची खोड. "साबनानं धुतलं म्हनजे वास जाते का गा?" म्हणत माणसाला चारचौघांत पाणी पाणी करून टाकायचे.

ही झडतीची सवय खाणीतली. लांजेवारभाऊ कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणीत होते. खाली वायू असतो, एका ठिणगीनं सगळेच जायचे. म्हणून उतरण्याआधी खाणीच्या तोंडाशी प्रत्येकाची झडती होते. बिडी-माचिस वर ठेवायची, मगच खाली. आधी ते स्वतः उतरायचे. पाय दुखावला तेव्हा त्यांना वर झडतीवर बसवलं. तिथं बसून बसून दारू वाढली, इतकी की नोकरी गेली, बायको माहेरी गेली, आणि एक दिवस देवराव ठवकरांनी त्यांना रिक्षात घालून आमच्या केंद्रात आणलं.

देवराव म्हणजे आमच्या केंद्राचं दैवत. महाल भागात एका कापडाच्या दुकानात साड्या दाखवायचं काम करायचे. त्यांनी दारू सोडली त्याला जमाना झाला होता. रोज संध्याकाळी दुकान सुटलं की सायकलनं केंद्रात येऊन नव्या पेशंटच्या खाटेवर बसायचे. हडकुळे, मिश्किल, आणि ओठात कायम सिगरेट. दारू तुटलेल्या माणसाचे हात थरथरायला लागले, की देवराव आपल्या ओठातली सिगरेट काढून त्याच्या ओठात ठेवायचे. "दोन झुरके घे गा. हे बी निघून जाते." लांजेवारभाऊंच्या ओठातही त्यांनीच ठेवली होती. "तवा मले वाटलं, देवच आला," असं लांजेवारभाऊ सांगायचे. त्या माणसासाठी त्यांनी जीव दिला असता. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही, पाहिलंय मी.

आता केंद्राची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सकाळी प्रार्थना, मग बिडी. वर्ग, मग बिडी. चार वाजता चहा, मग बिडी. भांडी घासताना कुरकुर केली की त्या माणसाची संध्याकाळची बिडी बंद. वर्गात रडून सगळं खरं सांगितलं की एक जास्तीची. घरच्यांनी आणून दिलेले बंडल माझ्या औषधाच्या कपाटात, व्हिटॅमिनच्या गोळ्यांशेजारी ठेवलेले असायचे आणि गोळ्यांसारखेच वेळेवर वाटले जायचे. केंद्र चालवणारे आमचे साहेब स्वतः दारूतून उठलेले, सिगरेटच्या आधारानंच उठलेले. त्यांचं एकच म्हणणं, "पहिले दारू. बाकीचं मंग पाहू." ते मंग कधी उगवलं नाही. महिन्यातून एकदा येणारे छातीचे डॉक्टर सांगून थकले, की दोन्ही सोबत सोडता येतं, उलट बिडी सुटली तर दारूला बरंच. साहेब हसायचे. "डॉक्टर, तुमचं पुस्तक वेगळं, आमचा बेवडा वेगळा."

लांजेवारभाऊ दारूतून सुटले, साहेबांनी त्यांना गेटवर ठेवलं, आणि तेव्हा तेही बंडलावर बंडल ओढत होते. मग एकदा गच्चीवर पाण्याची टाकी पाहायला जाताना जिन्यात मध्येच बसले. छाती भात्यासारखी वाजत होती. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "सिस्टर, खदानीत उतरलो का पूर्ण पाळी, आठ घंटे, बिडी नाई राहे आमच्याजवळ. एक मानूस मेला नाई बिडीबिगर. मंग वर काहून मरतो मी?" त्यांची बिडी गेली ती त्या प्रश्नानं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चघळल्या, ओवा चावला, आठवडाभर साऱ्या केंद्राला शिव्या घातल्या, पण सोडली.

सोडली आणि महालातल्या देवरावांच्या ओळखीच्या टेलरकडे जाऊन आपल्या सगळ्या शर्टांचे खिसे उसवून आणले. "खिसा असला का हात जाते. हात गेला का बिडी येते." टेलर म्हणाला होता, "लांजेवार, कफनाले खिसा नसते, शर्टाले त राहू दे!" ही गोष्ट ते स्वतःच हसून सांगायचे. तेव्हापासून पेन कानावर, चष्मा गळ्यात दोरीनं, आणि छातीवर खिशाच्या जागी कापडाचा थोडा जास्त पांढरा चौकोन. पोरं त्यांना बिनखिशाचे म्हणायला लागली.

इथवर ठीक होतं. पण स्वतः सुटलेला माणूस गप्प कुठं बसतो? लांजेवारभाऊंनी एका नव्या पेशंटचं बंडल हिसकून नालीत टाकलं. नुकताच भरती झालेला, भिवापूरकडचा मास्तर, अंगात अजून कापरं भरलेलं. मास्तर दिवेलागणीच्या आत भिंत चढून पळाला आणि चौकात पिऊन पडलेला सापडला. साहेबांनी सगळ्यांसमोर लांजेवारभाऊंची चामडी सोलली. "पाहिलं? बिडी काढली, दारू आली! मी काय येड्यासारखा सांगून राहिलो का?" लांजेवारभाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. नंतर माझ्याकडे आले नि म्हणाले, "चूक माहीच हाय. हिसकलेली वस्तू मानूस दुप्पट घेते. त्यानं आपल्या हातानं ठेवली पाहिजे." त्यानंतर त्यांनी कुणाचं काही हिसकलं नाही. साहेब मात्र तो मास्तर पुढं वर्षानुवर्षं सांगत राहिले. ज्या माणसांचं बिड्या ओढून ओढूनही पुन्हा पिणं सुरू झालं, त्यांची आठवण त्यांना एकदाही आली नाही.

मग लांजेवारभाऊंनी खाणीतल्यासारखी पाळी सुरू केली. चार वाजताच्या बिडीची वेळ झाली की ते मागच्या अंगणात खाटेवर बसायचे, समोर पत्र्याचा डबा. "ज्याले खाली उतराचं हाय त्यानं इकडं या. बिडी-माचिस डब्यात टाका. पाळी संपली का वापस." बस, एवढंच. भाषण नाही, फुप्फुसाची चित्रं नाहीत. खाली उतरलेल्यांनी करायचं काय, तर हिवाळ्यात स्वयंपाकघरासाठी तुरीच्या शेंगा सोलायच्या, उन्हाळ्यात लसूण. "हाताले काम पाह्यजे, तोंडाले चावाले पाह्यजे." सोलता सोलता दाणे तोंडात टाकायचे आणि खाणीतल्या गोष्टी ऐकायच्या. पाळी संपली, की ज्याची त्याची बिडी लांजेवारभाऊ खरोखर परत द्यायचे. माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. म्हटलं, "परत काहून देता? हातात आलेली!" तर माझ्यावरच उखडले. "मी चोर आहो का? भरोसा नसला त उद्या कोन उतरन?"

आणि माणसं उतरायला लागली. आधी टवाळी करायला, मग शेंगा खायला, मग सवयीनं. पाळी लांबत गेली. कुणी चारपासून जेवणापर्यंत, कुणी सकाळपासून. डॉक्टरांनी ज्याला पाहिजे त्याला गोळ्या दिल्या. आमची स्वयंपाकीण शांताबाई म्हणायची, "सिस्टर, माह्या हयातीत एवढे तुरीचे सोले नाई शिजवले वं मी!" साहेब खिडकीतून पाहायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांना वाटलं असेल, चार दिवसांचं खूळ आहे.

पण लांजेवारभाऊंचा खरा डोळा होता देवरावांवर. देवराव सायकल टेकवून आत येईपर्यंत धापा टाकायचे. डॉक्टरांनी त्यांना एकदा माझ्यासमोरच सांगितलं, की आता थांबलात तर उरलेली छाती वाचेल, नाहीतर ऑक्सिजनची नळी ठरलेली. देवराव हसले. लांजेवारभाऊ हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी या माणसाचा पिच्छा पुरवला.

"देवराव, बोटं दाखव गा."

"पाह्य. सोन्याचे झाले आता पिवळे पडून पडून."

"एक दिवस पाळीवर ये."

"अबे, मी साड्या दाखवनारा मानूस. मी काहून खदानीत उतरू?"

आले मात्र. थट्टेवारीच आले. डब्यात पाकीट टाकताना मोठ्यानं म्हणाले, "पोलीसपाटील, पावती द्या!" शेंगा सोलायला बसले, आणि असे बसले की दाण्यांचे रंग लावून ठेवले, हिरवे इकडे, जांभळट तिकडे, जन्मभराची दुकानातली सवय. दुसऱ्या दिवशीही आले. मग रोजच. गोळ्या घेतल्या, चिडचिड केली, एकदा लांजेवारभाऊंना "सासूबाई" म्हणून शिवी हासडली. तरी येत राहिले.

आणि एका संध्याकाळी लांजेवारभाऊ माझ्या खोलीत आले. हातात तो डबा. आत एकच पाकीट.

"काय झालं?"

"देवराव घरी गेला, सिस्टर. पाकीट मांगाचं विसरला."

हा फटकळ, खडूस माणूस माझ्या स्टुलावर बसून घळघळा रडला. मलाही रडू आलं. का येऊ नये? ते पाकीट दुसऱ्या दिवशीही कुणी मागितलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. देवरावांची सायकल बिनधापेची आत यायला लागली. किती वर्षांनी फोडणीचा वास येतो आहे, असं काहीतरी ते शांताबाईला सांगत होते. त्यांच्या घरच्या बाईंनी माझ्या हातात संक्रांतीचं वाण देताना माझे दोन्ही हात धरून ठेवले होते.

इथंच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आमच्याकडे दारू सोडल्याचा वाढदिवस करतात. केक कापतात, घरचे येतात, सुटलेली जुनी माणसं गावोगावाहून येतात. आणि केकनंतर एक रीत. केंद्रातला सगळ्यात जुना माणूस उत्सवमूर्तीच्या ओठात सिगरेट देतो आणि स्वतःच्या हातानं पेटवतो. सगळे टाळ्या वाजवतात. दारूवाचून गेलेल्या वर्षांचं ते पदक. ही रीत कुणी काढली ठाऊक नाही, पण पंगतीत वरण वाढावं तशी ती कुणाला खटकत नव्हती.

देवरावांचा वाढदिवस आला. हॉल खच्चून भरला. देवरावांपेक्षा जुने फक्त साहेब. साहेबांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, तेवढं मी मान्य करते. केक कापून झाला. साहेबांनी सिगरेट पुढं केली. देवरावांनी हात जोडले.

"साहेब, सोडली आता."

"माहीत आहे. एकच. आजच्या दिवशी नाही म्हणू नको. रीत आहे," असं म्हणून साहेबांनी काडी ओढली.

मागून लांजेवारभाऊ उठले. पाय ओढत मधल्या वाटेनं पुढं आले.

"साहेब, 'एकच' म्हनता?" आवाज चढलेला नव्हता. "ह्या हॉलमंदी कोनी 'एकच पेग' म्हनलं त त्याले आपन जोड्यानं मारतो. इथं बसलेल्या एकेकाचं घर त्या 'एकच'नंच बुडालं. तुमचं बी. माहं बी. आनि तुमी ह्याले एकच म्हनता?"

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. अरे, साऱ्या जगात 'एकच' या शब्दाचं विष जर कुणाला ठाऊक असेल तर या दीड-दोनशे माणसांना! त्याच शब्दासाठी हे लोक एकमेकांना वर्षानुवर्षं उपदेश करतात. एकही उठला नाही. एक जण उलट मागून ओरडला, "बसा बे लांजेवार, कार्यक्रम खराब करून राहिले!" साहेबांचा चेहरा लाल झालेला, हात तसाच पुढं, बोटांत काडी जळते आहे. ती खाली येत येत बोटाशी पोचली. साहेब हट्टानं ती टाकेनात.

देवरावांनी लांजेवारभाऊंकडे पाहिलं. मग म्हणाले, "राहू दे गा लांजेवार. साहेबाचा हात पोळून राहिला." आणि वाकून सिगरेट पेटवून घेतली.

टाळ्या अशा पडल्या की काय सांगू. देवराव खोकले, हसले, पुन्हा ओढली. लांजेवारभाऊ तिथंच उभे होते. नंतर ते आपल्या जागेवर न जाता सरळ बाहेर गेटवर जाऊन बसले.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी पाळी बंद केली. केंद्रात दोन मतं नकोत, माणसं बिचकतात, असं कारण सांगितलं. लांजेवारभाऊंना म्हणाले, तुमचं काम गेटवरचं, तेवढं करा. लांजेवारभाऊंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले. मी साहेबांच्या तोंडावर बोलले. म्हटलं, "साहेब, तुम्ही माणूस घालवला." ते म्हणाले, "सिस्टर, एका गेटमनसाठी काय एवढं?" मला गेटमन म्हणायचाच नव्हता, देवराव म्हणायचे होते. त्यांच्या ते डोक्यातही आलं नाही. डब्यातलं देवरावांचं पाकीट पुढं कुणीतरी ओढून टाकलं.

देवरावांची एक सिगरेट एकच राहिली का? राहते का कधी? महिनाभरात पाकीट परत आलं. पाऊस संपेतो सायकल सुटली, मग जिना सुटला. ऑक्सिजनचं मशीन आलं. मी महालात त्यांना भेटायला गेले तेव्हा लांजेवारभाऊ तिथंच होते. रोज कन्हानहून बस धरून यायचे म्हणे. खाटेच्या पायथ्याशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. देवरावांच्या नाकात नळी. मला पाहून ते हसले.

"सोडली बरं का सिस्टर आता. पक्की सोडली. ओढताच येत नाई."

देवरावांनी हात पुढं केला, लांजेवारभाऊंनी त्यावर दोन दाणे ठेवले. चावायला दम लागत होता, तरी देवराव ते तोंडात घोळवत राहिले.

"लांजेवार, पाळी कवा संपते गा?"

"संपली का सांगतो ना. तू बस."

देवराव गेले ते त्याच हिवाळ्यात. बायकांनी घाटावर जाऊ नये म्हणतात. मी गेले. ज्या माणसाला शेवटच्या दिवसापर्यंत इंजेक्शनं टोचली, त्याला पोचवायला मला कोण अडवणार? अख्खं केंद्र आलं होतं. लाकडं रचेपर्यंत माणसं झाडाखाली घोळके करून उभी, आणि प्रत्येक घोळक्यावर धूर. साहेब चार शब्द बोलायला उभे राहिले. "देवराव शेवटच्या श्वासापर्यंत निर्व्यसनी राहिले. आपल्या सगळ्यांपुढं तो आदर्श आहे." शेवटच्या श्वासापर्यंत! तो श्वास मी पाहिला होता. कसा होता ते विचारा म्हणावं मला. माझ्या तोंडावर आलं होतं, पण समोर घाटाच्या गेटाशी देवरावांच्या घरच्या बाई उभ्या होत्या.

लांजेवारभाऊ सगळ्यांपासून लांब, भिंतीशी उभे होते. तोच पांढरा शर्ट. कुणी त्यांच्याशी बोललं नाही, त्यांनीही कुणाचा हात धरून बोटं हुंगली नाहीत.

घरून मडक्यात आणलेला विस्तव वाटेतच विझला होता. देवरावांच्या मुलानं मडक्यात पाहिलं, राख ढवळली, आणि कावराबावरा होऊन मागं वळला.

"माचिस आहे का कोणाजवळ?"

साऱ्या घाटावरचे हात एकदम खिशाकडे गेले. शर्टाच्या, पँटच्या. मुलासमोर दहा-बारा माचिसा एकदमच आल्या. साहेबांची सगळ्यात पुढं.

तिकडे भिंतीशी लांजेवारभाऊंचाही हात जुन्या सवयीनं उठला होता. उठला तो छातीवर गेला, त्या पांढऱ्या चौकोनावर. तिथं काही नव्हतं. हात त्यांनी खाली घेतला नाही. काडी ओढल्याचा आवाज आला, लाकडं पेटली, तरी ते तसेच छातीवर हात ठेवून उभे होते. मग पाय ओढत बाहेर पडले आणि कन्हानच्या बसच्या दिशेनं गेले.